घोड्याचं डोहाळजेवण

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे, आणि गेल्या माघात मला दिवस गेले होते.

हसू नका. म्हणजे हसा, तिसगावात सगळे हसले, पण हसून झाल्यावर पुढचं ऐका. पोटात गोष्ट घेऊन मला एका जागी उभं राहवत नाही. तसं मला कधीच एका जागी उभं राहता आलेलं नाही, कारण मला पाय नाहीत.

माझा जन्म तिसगावात एका बुरडाच्या ओट्यावर झाला. त्यानं कामट्यांचा सांगाडा बांधला. मला नाचवणाऱ्या सहादेवच्या आईनं त्यावर कागदाचा लगदा चढवला, आणि उंदरांनी खाऊ नये म्हणून लगद्यात मेथी वाटून घातली. तेव्हापासून माझं तोंड किंचित कडू आहे. पाठीच्या मधोमध एक मोठं भोक ठेवलं. त्या भोकात सहादेव उभा राहतो, माझे दोन पट्टे खांद्यावर घेतो, लाल झूल जमिनीपर्यंत सोडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, माणूस घोड्यावर बसलाय. खरं तर घोडाच माणसावर बसलेला असतो. ही गोष्ट आजवर एकाही नवरदेवाच्या लक्षात आली नाही. त्याचं लक्ष त्या दिवशी दुसरीकडे असतं.

वैजनाथचा बँड पुढे, मी मागे आणि माझ्यामागे वऱ्हाड, अशा आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या किती वराती काढल्या, त्याची गणती नाही. वैजनाथ क्लॅरनेट वाजवायचा. गालात दोन लिंबं धरल्यासारखा दिसायचा आणि सूर सोडला की म्हाताऱ्या बायाही कमरेला पदर खोचायच्या.

आता एक गुपित सांगतो. पंचवीस वर्षं ते माझ्या पोटात होतं.

सहादेवची मुलगी पंकजा पाच महिन्यांची असताना तिची आई, राहीबाई, तापानं गेली. दिवस ऐन लग्नसराईचे. सहादेवची बहीण भागूबाई टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेली, ती अक्षय तृतीयेच्या आत परत येणार नव्हती. अर्ध्या गावाच्या दारांना तेव्हा कुलपं असतात. लेकरू ठेवायचं कुणाकडे? वरातीत न्यावं, तर आई गेलेलं तान्हं लेकरू शुभकार्यात चालत नाही. असं कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण जे लिहिलेलं नसतं ते लोक बिनचूक पाळतात. आणि लेकरू छातीशी धरून फिरणारा बाप्या दिसला, तर त्याच्यावर गाव वर्षभर हसतं.

मग सहादेवनं राहीबाईचं हिरव्या बुट्ट्यांचं लुगडं फाडलं. माझ्या पोटातल्या दोन आडव्या बांबूंना दोन फास बांधले. त्यांत झोळी टाकली आणि झोळीत पंकजा. वरून झूल सोडून दिली. बाहेर बँड, आत पंकजा, आणि मध्ये मी, कागदाचा.

तिला बँडचा काही त्रास नव्हता. ढोल वाजायला लागला की ती झोपायची. बँड थांबला की मात्र भोकाड पसरायची. म्हणून सहादेवनं वैजनाथला बजावून ठेवलं होतं, "दोन गान्यांच्या मधी थांबू नगंस."

"आरं, मला दम घ्यू दे की," वैजनाथ म्हणायचा. "मी काय मानूस हाय का पंप हाय?"

"दम घरी जाऊन घे."

आणि सहादेव नाचायचा कसा, तर पाय घासत, गुडघ्यात मऊ होत, खांदे हलू न देता. बाकीचे घोडेवाले उड्या मारायचे, गिरक्या घ्यायचे. सहादेव नुसता वाहत जायचा. पार काष्टीच्या बाजारापर्यंत बोलबाला झाला, की तिसगावचा घोडा पाण्यावर चालल्यावानी नाचतो. दोघं-तिघं ती चाल शिकायला येऊन गेले. सहादेव त्यांना म्हणायचा, "आतून यावं लागतं." खोटं बोलला नाही. आत पोरगी झोपलेली असायची.

पुढच्या साली पंकजा चालायला लागली, झोळी निघाली. फास तेवढे आत राहिले. चाल मात्र सहादेवच्या पायांत कायमची बसली.

मग ट्रॅक्टरवर भिंतीएवढे स्पीकर आले. वऱ्हाडाला घोड्याची गरज उरली नाही. छातीत धडधडलं की लोकांना लग्न झाल्यासारखं वाटू लागलं. वैजनाथच्या बँडातले निम्मे लोक टेम्पो चालवू लागले. मला गोठ्यातल्या खुंटीला टांगलं गेलं. बारा वर्षं. वारा आला की डुलायचो, म्हशीनं शिंग मारलं की गिरकी घ्यायचो, तेवढाच रियाज. डावा कान उंदरानं खाल्ला, मेथी असूनही. एका कोंबडीनं तर माझ्यात अंडी घातली आणि तीन आठवडे बसली. तेव्हा कुणी माझं डोहाळजेवण केलं नाही.

पंकजा मात्र शिकली. नगरला राहून प्राणिशास्त्रात एमएस्सी झाली आणि परत येऊन तिसगावच्याच कॉलेजात तासिकेवर शिकवू लागली. तिथं एक अडचण होती. प्रजननाचा धडा आला की आधीचे सर म्हणायचे, "हा घरी वाचा." घरी वाचायला बसलं की घरचे म्हणायचे, "असलं कॉलेजात वाच." त्यामुळे या विषयावर आमच्या भागात फारसं वाचन झालेलं नाही. लोकसंख्या तरीही आहे.

पंकजानं ठरवलं, धडा वाचायचा नाही, त्याचा सिनेमा करायचा. समुद्रातल्या प्राण्यांची लग्नं. पोरापोरींनी सायकलच्या ट्यूबांचा अष्टपाद केला. जन्मभर नर राहून म्हातारपणी मादी होणाऱ्या माशाला नारिंगी परकर नेसवला. पौर्णिमेच्या आसपास प्रवाळ एकदम अंडी सोडतात, ते दाखवायला गच्चीवरून साबुदाणा उधळला. प्रिन्सिपॉल खालून जात होते, त्यांनी तो उपवासाचा समजून खिशात भरला. मोबाईलवर चित्रण व्हायचं. वर्ग हसत होता, आणि हसता हसता धडा पाठ करत होता.

पण तिच्या मनात होता समुद्रघोडा. कोकणातल्या सहलीत तिनं एक पाहिला होता. ट्रॉलरच्या जाळ्यातून काढून वाळूत फेकलेल्या कचऱ्यात, बोटाएवढा, मेलेला. या प्राण्याला पोहणं बेताचंच येतं. लाटेनं वाहून जाऊ नये म्हणून तो शेपटीनं समुद्रातलं गवत धरून राहतो. याच्या शेपटीत गवत नव्हतं. शाम्पूची पुडी होती, घट्ट धरलेली. पंकजानं ती सोडवायचा प्रयत्न केला, सुटली नाही.

एका संध्याकाळी तिनं मला खुंटीवरून काढलं आणि बापासमोर ठेवलं. सहादेव जेवत होता. भागूबाई चुलीपाशी होती. गुडघे गेल्यापासून ती ऊसतोडीला जात नाही, गावातच सगळ्यांच्या कारभारात लक्ष घालते.

"अण्णा, सिनेमात नाचशील का? आपला घोडा घेऊन?"

बारा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. सहादेवच्या पायाचा अंगठा ताटाखाली ठेका धरू लागला. मी पाहिलं.

"नाचू की. वरात कुनाची?"

"समुद्रघोड्याची. तुझीच. मादी येती, रोज सकाळी त्याच्यासंगं नाचती. शेपटीत शेपूट गुंतवून, रंग बदलत."

"बरं."

"मग अंडी घालती. नराच्या पोटावरच्या पिशवीत."

सहादेवनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "कुनाच्या?"

"नराच्या. बापाच्या. मग पिल्लं तोच वाढवतो. बाळंतही तोच होतो."

"अन् ती?"

"ती रोज येऊन नाचून जाती."

"बास?"

"बास."

भागूबाई चुलीपासून वळली. "हे कुठशिक आसतंय गं? यष्टी जाती का तिथवर?"

पण सहादेव हसला नाही. त्याचा अंगठा थांबला होता. "मी न्हाई," तो म्हणाला. "गावापुढं पोट काढून नाचू? बाप्यानं?" आणि हात धुवायला उठला. ताटात अर्धी भाकरी तशीच.

मित्रांनो, त्या रात्री खुंटीवर मी किती डुललो म्हणून सांगू! वारा नव्हता तरी. अरे, ज्यानं वर्षभर पोटात पोर घेऊन तालुका नाचवला, तोच म्हणतो, बाप्यानं? पण कागदाच्या तोंडातून शब्द फुटत नाही, कडूपणा तेवढा राहतो.

दुसऱ्या दिवशी वैजनाथ आला, तोही बारा वर्षांनी तरुण होऊन. काष्टीच्या एका बड्या लग्नाची सुपारी आली होती. नवऱ्या मुलाला हौस, की वरात जुन्या पद्धतीची पाहिजे. बँड पाहिजे आणि तिसगावचा पाण्यावर चालणारा घोडा पाहिजे.

"पर एक ऐक, सहादेवा," वैजनाथ म्हणाला. "पोरीच्या त्या खेळात पडू नगं. पोटुशा घोड्याला कोन नवरदेवापुढं नाचू दील? सुपारी जाईल. अन् पंके, तुला काय म्हनावं! हितं प्यायला टँकर लागतो अन् तुला समुद्राची काळजी!"

"वैजूकाका, ओढ्यात टाकलेली पुडी कुठं जाती?"

"कुठं जाती? पुढच्या गावात."

"अन् तिथून?"

"त्यांचं ते बघत्याल."

"तेबी तसंच म्हणत्यात. अन् पाऊस झाला की ओढा गोदावरीला, गोदावरी समुद्राला."

वैजनाथनं तंबाखूची रिकामी पुडी टाकायला हात वर केला होता. तो तसाच काही वेळ वर राहिला. मग पुडी खिशात गेली.

सहादेवनं मला मात्र पंकजाला देऊन टाकलं. "पोट लाव, नायतर शेपूट लाव. मी उभा ऱ्हानार न्हाई."

तिनं लावलं. शेपूट पाण्याच्या जुन्या पाईपची, गुंडाळी केलेली. तोंड लांब केलं, उंदरानं खाल्लेल्या कानाच्या जागी पंख आला. आणि पुढच्या बाजूनं पिशवी शिवली, घरातल्या जुन्या गोधडीची. त्या गोधडीत राहीबाईच्या सगळ्या लुगड्यांचे तुकडे होते, आणि पंकजा जन्मभर तीच पांघरत आली होती.

पिशवी शिवून झाली तसा भागूबाईनं आक्षेप घेतला. "सातवा हाय ना ह्याला? मग वटी भरल्याबिगर कसं चालंल?"

"आत्या, त्याची गरज नाही. समुद्रात—"

"समुद्रात रीतभात न्हाई व्हय? पहिलटकरीन हाय बिचारा."

कॉलेजच्या व्हरांड्यात झोपाळा टांगला गेला. गल्लीतल्या पंधरा बाया जमल्या. मला हिरवी साडी, गळ्यात फुलांचे दागिने. पुरणपोळ्या, सात प्रकारचे भात, आणि "काय खावंसं वाटतं" म्हणून विचारल्यावर पंकजानं माझ्या वतीनं सांगितलं, की याला जठरच नसतं, खाल्लेलं थांबत नाही, म्हणून दिवसभर खावंच लागतं. बाया हळहळल्या. मुलगा की मुलगी बघायला एकीनं पेढा-बर्फी वाट्यांखाली झाकून ठेवली, आणि माझ्या तोंडानं दोन्ही वाट्या उघडल्या. पंकजा हसून हसून मोबाईल धरू शकत नव्हती, आणि हसता हसता सांगत होती, की याला वाळवून औषध म्हणून विकतात, कायद्यानं बंदी असूनही. की तळ खरवडणारी जाळी याचं गवतच उपटून नेतात. बाया आता हसत नव्हत्या. "गर्भारशीला?" एक म्हणाली. "मुडदं बशिवलं त्यांचं."

चूक झाली ती इथं. ओटी भरायची तर ती खरीच. पंकजाला वाटलं, दाखवण्यापुरते चार दाणे टाकतील. पंधरा बायांनी पंधरा नारळ घातले माझ्या पोटात, वर मापटं मापटं तांदूळ. कुठल्याही कागदी घोड्याला एवढी माया सोसत नाही. सोळावी भागूबाई ओवाळायला पुढे झाली आणि टराटरा आवाज झाला. नारळ व्हरांड्यात गडगडत सुटले.

"आवं, सातव्यातच!" कुणीतरी किंचाळलं.

बाया गेल्यावर पंकजा पिशवी पुन्हा बांधायला बसली. या वेळी टाके नकोत, आत बांबूलाच बांधावी, म्हणून तिनं माझ्या पोटात हात घातला. आणि तिच्या बोटांना ते दोन फास लागले.

मी श्वास धरला असता, असता तर.

तिनं डोकं आत घालून पाहिलं. हिरव्या बुट्ट्या. गोधडीच्या मधोमध जो तुकडा होता, तोच. फास घासून घासून गुळगुळीत झालेले, काहीतरी जड पुष्कळ दिवस टांगल्यासारखे.

"आत्या, हे काय?"

"मला काय ठावं? मी तवा फडात आसन."

घरी जाऊन तिनं बापाला विचारलं, "अण्णा, घोड्याच्या पोटात काय टांगायचास तू? आईचं लुगडं फाडून?"

सहादेव म्हशीला पाणी पाजत होता. बादली भरून सांडली तरी त्यानं वर पाहिलं नाही.

"पान्याची बाटली," तो म्हणाला.

शेवटचा देखावा पाझर तलावावर होता, सकाळी, कारण समुद्रघोडे सकाळीच नाचतात. पिल्लं म्हणून भागूबाईनं कणकेचे दोनशे बारके घोडे वळून दिले होते, पाण्यात प्लॅस्टिक जायला नको म्हणून. गाव जमलं होतं. वैजनाथ चार माणसं घेऊन आला होता. सुपारीच्या भीतीनं मनातून नाराज, पण क्लॅरनेट बाहेर काढायची संधी सोडवेना. सहादेव लांब बांधावर उभा होता, जाता जाता थांबल्यासारखा. थांबून अर्धा तास झाला होता.

माझ्यात पंकजा शिरली. "मीच नाचते," म्हणाली. शिकलेली पोरगी, पण पाय बापाचे नव्हते. ढोल सुरू झाला आणि ती घोटाभर पाण्यात उड्या मारू लागली. मी धडाधड आपटत होतो. पोट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. लोक हसायला लागले. दगडावरून तिचा पाय निसटला, मी नाकावर जाता जाता वाचलो—

"आगं हळू!" बांधावरून ओरडा आला. सहादेव धावत खाली येत होता. "हळू! आसं नाचत्यात व्हय? आतलं हादरंल!"

बँड थांबला. ज्या ठिकाणी तो कधी थांबायचा नाही, तिथंच थांबला.

पंकजानं माझ्या भोकातून मान वर काढली. "आत काय हाय, अण्णा?"

सहादेव पाण्यात आला होता. समोर गाव, बाया, मोबाईल, वैजनाथ. त्यानं माझ्या मानेवर हात ठेवला.

"तू हुतीस," तो म्हणाला. "वरीसभर. आत तू हुतीस."

कुणी हसलं नाही. भागूबाईनं पदर तोंडाला लावला. पंकजा बापाकडे बघत राहिली. दोन्ही हात माझ्या पोटात, त्या फासांवर.

वैजनाथचा चेहरा मात्र हिशोब जुळत असल्यासारखा बदलत गेला. "आरं तिच्या मायला," तो हळूच म्हणाला. "म्हनून मला दम घ्यू द्येत नव्हतास व्हय? पंचवीस साल मी समजतोय, ह्याला माझं वाजवनं आवडतंय!"

आणि त्यानं क्लॅरनेट तोंडाला लावलं.

पंकजा बाहेर आली, सहादेव आत आला. खांद्यांवर पट्टे चढले, आणि मित्रांनो, मी पाण्यावर चाललो. पाय घासत, गुडघ्यात मऊ, खांदे न हलवता. पंकजा समोर उभी राहिली, हाताला हात गुंतवून. ती मादी, मी नर, की ती पिल्लू आणि तो बाप, कुणी विचारलं नाही. मग सहादेवनं पिशवीचं तोंड उघडलं आणि दोनशे पिल्लं तलावात सोडली.

तलावातल्या माशांनी ती मिनिटभरात खाल्ली.

पोरं ओरडली. पंकजा डोळे पुसत म्हणाली, "समुद्रातही असंच होतं. हजारातली चार-पाच वाचतात." मग तिनं माझी शेपूट वर उचलली. पाईपच्या वेटोळ्यात एक कणकेचा घोडा अडकून राहिला होता. भागूबाईनं तो पदरात घेतला.

काष्टीची सुपारी गेली. तिथल्यांनी सिनेमा पाहिला, खूप हसले, कौतुकाचा फोनही केला, आणि वरातीला दुसरा घोडा लावला. सहादेव एवढंच म्हणाला, "जाऊ दे. त्यांचा नवरदेव त्यांना लखलाभ." आता तो प्रजननाच्या धड्याला मला घेऊन वर्गात येतो. धडा घरी वाचा असं कुणी म्हणत नाही.

मित्रांनो, तुम्हाला एकच मागणं आहे. हातातली पुडी सोडताना क्षणभर हात वर धरा, वैजनाथनं धरला तसा. खाली कुणीतरी शेपटीनं धरायला काहीतरी शोधत असतं. जे हाताला लागेल ते धरतं, आणि मग सोडत नाही. आणि घरात माझ्यासारखं काही जुनं खुंटीवर असेल, तर रद्दीत देण्याआधी आत हात घालून बघा.

मी आहे गोठ्यातच, पोटासकट. वारा आला की डुलतो, नसला तरी डुलतो. लांब कुठं वरात चालली असेल तर कान लावून ऐकतो, उरलेला एक. वाजतंय तोवर ठीक असतं. बँड थांबला की मात्र जीव खालीवर होतो. वाटतं, आता आत कुणीतरी रडेल.